हेदवीची जमीन आणि धातुशोधक यंत्राचे वय

रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यातील हेदवी हे गाव दशभुज लक्ष्मीगणेशाच्या मंदिरामुळे आणि भरतीचे पाणी जिच्यात उसळते त्या बामणघळीमुळे सर्वपरिचित आहे. परंतु जमिनीतील धातू हुडकणाऱ्या यंत्राचा इतिहास तपासताना या गावाची माती त्याहून अधिक बोलकी ठरते. जुने धातुशोधक यंत्र, म्हणजे व्यवहारातील मेटल डिटेक्टर, आजच्या यंत्रासमोर टिकते काय, हा प्रश्न सहसा यंत्रांची तुलना करून सोडवला जातो. कोकणात तो आधी जमिनीला विचारावा लागतो, कारण येथील सड्यावर, म्हणजे गावामागच्या उघड्या खडकाळ पठारावर, जो जांभा पसरलेला आहे, तो स्वतःच लोहाने भरलेला आहे. काळ्या पाषाणावर युगानुयुगे पाऊस आणि ऊन पडून त्यातील सिलिका वाहून गेली, लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहिली आणि चिरेखाणीतून ज्याचे चिरे काढून घरे व गडगे बांधले जातात तो तांबडा दगड तयार झाला. फ्रान्सिस बुकानन याने 1807 मध्ये केरळातील अशाच दगडाला, विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून, लॅटेराइट हे नाव दिले.

यंत्राचे तत्त्व मुळात सोपे आहे. तारेच्या गुंडाळीतून उलटसुलट वाहणारा विद्युत्प्रवाह सोडला की भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्या अंगात भोवऱ्यासारखे फिरणारे प्रवाह उठतात आणि त्या प्रवाहांचे स्वतःचे क्षीण क्षेत्र गुंडाळीपर्यंत परत येते. डेव्हिड ह्यूज याने 1879 मध्ये या तत्त्वावर प्रवर्तन-तुला, म्हणजे दोन गुंडाळ्यांचा समतोल बिघडताच आवाज देणारे उपकरण, मांडले. 1881 च्या जुलैमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरात अडकलेली गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेल याने तसेच उपकरण वापरले. ते गोळीचा ठाव लावू शकले नाही, आणि त्या अपयशाचा दोष पुढे रुग्णाच्या बिछान्यातील पोलादी स्प्रिंगांना देण्यात आला. हा प्रसंग नुसत्या कुतूहलाचा नाही. शोधायच्या वस्तूपेक्षा तिच्या भोवतालचे लोह मोठ्याने बोलते, ही पुढील शंभर वर्षांची मुख्य अडचण त्यात पहिल्यांदा उघड झाली, आणि हेदवीच्या सड्यावर तो बिछाना सर्वत्र अंथरलेला आहे.

दुसऱ्या महायुद्धात पोलिश अभियंता युझेफ कोसात्स्की याने स्कॉटलंडमध्ये बनवलेल्या सुरुंगशोधकाची सुमारे 500 यंत्रे 1942 मध्ये एल अलामेनच्या वाळवंटात वापरली गेली. पुढील काळात नागरिकांच्या हाती आलेली स्वस्त यंत्रे दोन कंपनांच्या फरकातून उमटणाऱ्या सुरावर चालत. कोरड्या वाळूत ती बरी चालतात, पण जांभ्यावर गुंडाळी बोटभर वरखाली झाली तरी जमिनीमुळेच सूर बदलतो आणि खरा धातू त्यात हरवतो. अशी यंत्रे येथे टिकत नाहीत, हे निःसंकोच म्हणावे लागते.

खरी सीमारेषा 1970 च्या दशकात पडली. साधारण 3 ते 30 किलोहर्ट्झच्या अतिनिम्न वारंवारतेवर चालणाऱ्या यंत्रांत तेव्हा भूमि-संतुलन आले: जमिनीकडून परत येणारा प्रतिसाद आणि धातूचा प्रतिसाद यांच्या कालमेळातील अंतर ओळखून, पहिल्याचा आवाज हाताने कळ फिरवून दाबता येऊ लागला. चांगल्या हातात असे चाळीस वर्षांचे यंत्र आजही लाजत नाही, आणि त्याचे कारण भौतिकशास्त्रात आहे. पुरेशा खोलीवरच्या लहान वस्तूची खोली दुप्पट झाली की तिचा प्रतिसाद चौसष्ट पटींनी घटतो. म्हणून नवे यंत्र कितीही संवेदनशील झाले तरी ते थोडेच अधिक खोल पोहोचते. दुप्पट खोलीची अपेक्षा या गणितापुढे फोल ठरते.

मग नव्याचा लाभ कोठे? एक ठिकाण म्हणजे पुळण, किनाऱ्याची वाळूची पट्टी. ओल्या वाळूतील खारे पाणी स्वतः वीज वाहून नेते आणि खडकाच्या झिजेतून आलेले काळे कण लोहाचा प्रतिसाद देतात; एकाच वारंवारतेचे यंत्र यांपैकी एकाला शांत करू शकते, दोघांना क्वचितच. 1990 च्या दशकाच्या आरंभी अनेक वारंवारता एकदम वापरणारी यंत्रे आली आणि ही कोंडी फुटली. 1960 च्या दशकात आलेले स्पंद-प्रवर्तन तंत्रही, म्हणजे जोरदार स्पंद सोडून त्यानंतर विरत जाणारा प्रतिसाद ऐकण्याची रीत, खाऱ्या पाण्याला फारसे फसत नाही, पण जांभ्यावर तेही अडखळते. मॅघेमाइट नावाच्या लोहखनिजाचे अतिसूक्ष्म कण स्पंद संपल्यावर किंचित मागाहून विसावतात आणि धातूची नक्कल करतात. माती भाजली गेली की हे खनिज वाढते. भातरोपांच्या जागी पालापाचोळा जाळून राब करण्याची कोकणातील रीत लक्षात घेता, शेताच्या वरच्या थरात ते असणे साहजिक आहे. कंबोडिया, अंगोला आणि मोझांबिक येथे सुरुंग काढणाऱ्यांना अशाच तांबड्या मातीने सतावले.

वस्तूचा आकारही निकाल फिरवतो. उत्तरेकडील दाभोळसारख्या बंदरांत आदिलशाही काळात लारी नावाचे नाणे चाले. ते चांदीची तार दुमडून, तिच्यावर ठसा मारून बनवलेले असे. पातळ, उघड्या तारेत भोवरे नीट फिरत नाहीत, त्यामुळे कमी वारंवारतेच्या जुन्या यंत्राला ते जवळजवळ मुके असते आणि जास्त वारंवारतेचे नवे यंत्र त्याला अधिक न्याय देते. शिवराई या जाड तांब्याच्या नाण्याबाबत मात्र दोघांत फारसा फरक पडत नाही.

कोकणातील सर्वांत प्रसिद्ध गुप्तठेव अशा कोणत्याही यंत्राने सापडलेली नाही: 17 नोव्हेंबर 1997 रोजी रायगडातील दिवेआगर येथे सुपारीच्या बागेत खणताना तांब्याची पेटी लागली आणि तीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा मिळाला. अशा ठेवींना लागू असणारा भारतीय निखात निधी अधिनियम 1878 चा आहे, म्हणजे ह्यूजच्या तुलेहून एक वर्षाने मोठा; दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडला तर जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवण्याचे बंधन त्याने घातले, आणि 1972 च्या पुरावशेष अधिनियमाने जुन्या वस्तूंच्या नोंदणीची व व्यापाराची बंधने आणली. यंत्र 1975 चे असो वा गतवर्षीचे, हेदवीच्या जमिनीत त्याने दिलेला सूर खरा ठरला की पुढची पायरी याच कायद्यांची असते.