राखीव जागेवरचा आमदार कुणाला बांधील?

वाशिम विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. पण तिथला आमदार नेमका कुणाला बांधील असतो? या प्रश्नाचे मूळ 24 सप्टेंबर 1932 च्या पुणे करारात आहे. स्वतंत्र मतदारसंघ गेले, संयुक्त आले. उमेदवार आपला, निवडून देणारे बहुसंख्य इतर. 1952 साली मुंबईत आणि 1954 साली भंडाऱ्यात खुद्द बाबासाहेब पराभूत झाले, ते याच व्यवस्थेत.

1985 च्या पक्षांतरबंदी कायद्याने दुसरी गाठ बांधली. व्हिप मोडला तर आमदारकी जाऊ शकते. त्यात बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात. कोणी कोणत्या बाजूने मत दिले याची नोंदच राहत नाही. तिसरी गाठ पैशाची. उमेदवाराच्या खर्चाला 40 लाखांची मर्यादा आहे, पक्षाच्या खर्चाला कसलीच नाही. तिकीट, व्हिप आणि पैसा एकाच हातात असेल, तर आमदार वस्तीकडे पाहील की पक्षाकडे?

म्हणून आम्ही म्हणतो, उमेदवाराची जात पाहून समाधान मानू नका. निकालानंतर 30 दिवसांत त्याला खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. तो कोणालाही पाहता येतो. तो मागा, वाचा, आणि आमदार गावात आला की विचारा: सभागृहात आमच्यासाठी काय बोललात?

जय भीम!