उन्हाळीवरच्या औषधांची वाटचाल

उन्हाळी लागली की धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा, गोखरूचा काढा, हे उपाय नाशिकसह महाराष्ट्रात घरोघरी पिढ्यानपिढ्या चालत आले. चरकसंहितेत हा विकार मूत्रकृच्छ्र या नावाने येतो. भरपूर पाण्याने लघवी पातळ होऊन आग शमते. मात्र उन्हाळीमागे जंतुसंसर्ग असेल, तर त्या जंतूवर नेमका घाव घालणारे औषध विसाव्या शतकातच हाती आले.

१९३५ साली सल्फा औषधांचा जमाना सुरू झाला. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. पण मूत्रमार्गाच्या बहुतेक संसर्गांमागे ई. कोलाय हा आतड्यातला जंतू असतो आणि तो साध्या पेनिसिलिनला फारसा जुमानत नाही. त्यासाठी वेगळ्या गोळ्या आल्या: १९५३ मध्ये नायट्रोफ्युरँटॉइन, साठच्या दशकात नॅलिडिक्सिक आम्ल व कोट्रायमोक्साझोल, ऐंशीच्या दशकात नॉरफ्लॉक्सासिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन. या शेवटच्या दोन्ही झटपट गुण देत, म्हणून ऊठसूट लिहिल्या गेल्या आणि भारतातील ई. कोलाय त्यांना मोठ्या प्रमाणात दाद देईनासा झाला.

मग निवड पुन्हा जुन्या औषधाकडे वळली. २०११ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी गरोदर नसलेल्या स्त्रीच्या साध्या मूत्राशयदाहासाठी पाच दिवस नायट्रोफ्युरँटॉइन किंवा फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची एकच मात्रा सुचवली. कोट्रायमोक्साझोल तीन दिवस द्यावे, पण स्थानिक प्रतिकार २० टक्क्यांच्या वर गेला असेल तर टाळावे, असेही सांगितले. नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत साठते आणि जंतूच्या अनेक क्रियांवर एकाच वेळी आघात करते, म्हणून त्याविरुद्ध प्रतिकार सावकाश वाढतो. मात्र ते रक्तात व ऊतींत पुरेसे टिकत नाही. थंडीताप किंवा कुशीत दुखणे असेल तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेल्याची शंका घ्यावी लागते. तेथे हे औषध चालत नाही. मूत्रपिंड बरेच कमकुवत असतानाही ते टाळतात.

प्रतिजैविकांच्या बेछूट विक्रीला आळा घालण्यासाठी भारतात १ मार्च २०१४ पासून औषध नियमांतील अनुसूची एच-१ लागू झाली. सेफिक्सिमसारखी प्रतिजैविके विकताना रुग्णाची व डॉक्टरची नोंद वेगळ्या वहीत ठेवणे औषध दुकानदारावर बंधनकारक झाले. पण नियमाला डॉक्टरांच्या शिस्तीचीही जोड हवी. राज्यातील बहुतेक ॲलोपॅथी आणि आयुर्वेद महाविद्यालये १९९८ साली नाशिकला स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. साध्या उन्हाळीला साधेच औषध, ठरलेले दिवस द्यायचे आणि त्रास वारंवार झाला तर लघवीचे कल्चर करून मगच गोळी बदलायची, ही शिस्त उद्याच्या डॉक्टरांत याच महाविद्यालयांतून रुजायला हवी. उरलेली गुणकारी औषधे टिकवण्याचा हाच खात्रीचा मार्ग आहे.