अजबबंगल्यातला नकाशा

नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाला लोक अजबबंगला म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभी दोराबजी टाटा तेथे एका नकाशापुढे उभे राहिले, ही हकीकत आपण सर्वांनी ऐकलेली आहे. ती योगायोग म्हणून सांगण्याचा प्रघात आहे. आम्हाला ते तितकेसे पटत नाही.

जमशेटजींचे मन वीस वर्षे चांदा जिल्ह्यात गुंतले होते. १८८२ साली लोहाऱ्याच्या लोहखनिजावरचा एक अहवाल त्यांच्या वाचनात आला. खनिज उत्तम, वरोऱ्याचा कोळसा हाताशी. आणखी काय पाहिजे? परंतु हा कोळसा जर्मनीत तपासला, तेव्हा तो कामाचा नाही असे ठरले. खाणींचे सरकारी नियमही जाचक; ते १८९९ साली कर्झनच्या अमदानीत सैल झाले. मग अमेरिकेतून पेरिन या तज्ज्ञाचा सल्ला घेतला गेला, त्याचा सहकारी वेल्ड चांद्याच्या रानात हिंडला. पदरी निराशाच आली. तेव्हा योजना सोडल्याचे सांगायला दोराबजी नागपुरास गेले आणि साहेबांची भेट होईपर्यंत समोरच्या अजबबंगल्यात शिरले.

तेथल्या भूस्तरीय नकाशात द्रुग जिल्ह्यात लोखंडाची खूण होती. ती आपोआप उमटली नव्हती. प्रमथनाथ बोस या सरकारी भूगर्भशास्त्रज्ञाने पूर्वीच तो मुलूख पायी तुडवला होता. शोध घेता धल्ली-राजहऱ्याचे डोंगर सापडले. लोखंडच लोखंड!

आणि तेही टाटांनी सोडले. इथे खरी मुत्सद्देगिरी आहे, असे आम्हाला वाटते. कणगी भरलेली असली तरी सरपणाविना चूल पेटत नाही. भट्टीला खनिजाइतकीच कोळशाची व चुनखडीची गरज, कारखान्याला बारमाही पाणी हवे, आणि या सगळ्याचे रेल्वेभाडे मालाच्या किमतीत चढते. डोंगर कितीही संपन्न असो, हिशेब जुळेना.

इकडे बोसांना डावलून कनिष्ठ इंग्रज अधिकाऱ्याला खात्याचे संचालकपद मिळाले होते. ते नोकरी सोडून मयूरभंज संस्थानात गेले. १९०४ साली त्यांचे पत्र आले: येथे लोखंड आहे. गुरुमहिसानीचा तो डोंगर झरियाच्या कोळशाला पुष्कळच जवळचा होता. जमशेटजी त्याच वर्षी वारले. पुढे भट्टी खनिजापाशीही नाही आणि कोळशापाशीही नाही, तर सुवर्णरेखा व खरकाई यांच्या संगमाजवळ, साकचीला उभी राहिली. १९११ च्या डिसेंबरात पहिले लोखंड निघाले, १९१२ च्या फेब्रुवारीत पोलाद.

सोडलेला राजहरा मात्र वाया गेला नाही. दूरवरून कोळसा आणण्याचा खर्च स्वतंत्र भारताच्या सरकारने पत्करला, आणि १९५९ साली भिलाईची पहिली भट्टी त्या खनिजावर पेटली. बोसांना जाऊन तेव्हा पंचवीस वर्षे झाली होती.