थंड पाण्यातील दोन दिवस

स्कूबा डायव्हिंग म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे मालवण-तारकर्ली उभे राहते. होडीतून खडकापर्यंत जायचे, कोमट पाण्यात उतरायचे आणि अर्ध्या तासाने हसतमुखाने वर यायचे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मॉण्टेरे उपसागरात मात्र या छंदाचे रूप निराळे आहे. येथील पाण्याचे तापमान वर्षातील बहुतेक काळ १० ते १३ अंश सेल्सिअस असते आणि होडीऐवजी अनेक जण किनाऱ्यावरूनच चालत समुद्रात शिरतात. सॅन होजेहून मोटारीने दीड तासात येथे पोहोचता येते. त्यामुळे शनिवारी सकाळी सॅन कार्लोस बीचवरच्या वाहनतळावर सिलिंडर आणि काळे पोशाख यांची एकच गर्दी उडते. त्यात नवशिके बरेच असतात. पाणबुड्याच्या प्राथमिक प्रमाणपत्रासाठी खुल्या पाण्यात किमान चार बुड्या, त्याही किमान दोन दिवसांत, घ्याव्या लागतात आणि त्या शनिवार-रविवारच्या सुटीत नेमक्या बसतात.

कॅलिफोर्नियातल्या उन्हाळ्यात समुद्र एवढा गार कसा, असा प्रश्न कोणालाही पडेल. वसंत आणि ग्रीष्मात येथे वायव्येकडून वारे वाहतात. त्यांच्या रेट्याने आणि पृथ्वीच्या परिवलनाच्या परिणामाने पृष्ठभागावरचे पाणी किनाऱ्यापासून दूर सरकते. त्याची जागा घेण्यासाठी खालचे थंड, पोषक द्रव्यांनी भरलेले पाणी वर येते. या पाण्यावर सूक्ष्म वनस्पती फोफावतात आणि पाणी हिरवट, गढूळ होते. जाणकार पाणबुडे शरद ऋतूची वाट पाहतात ती यासाठीच. तेव्हा पाणी निवळते आणि किंचित उबदारही असते.

पाणी शरीराची उष्णता हवेपेक्षा वीसहून अधिक पटींनी वेगाने ओढून घेते. त्यामुळे येथे सात मिलिमीटर जाडीचा वेटसूट, टोपी, हातमोजे आणि बूट यांना पर्याय नाही. अनेक अनुभवी पाणबुडे पूर्ण कोरडा राहणारा ड्रायसूटच पसंत करतात. वेटसूटची कल्पना १९५० च्या दशकाच्या आरंभी बर्कले येथील भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी मांडली. अंग कोरडे ठेवण्याची गरज नाही, रबरातले वायूचे बुडबुडेच ऊब राखतात, हे त्यांनी ओळखले. पुढे जॅक ओनील यांनी १९५९ मध्ये आपले दुकान याच उपसागराच्या उत्तर टोकाला, सांताक्रूझला हलवले आणि हा पोशाख लाटांवर खेळणाऱ्यांमध्ये घरोघरी पोहोचवला. या पोशाखाची एक खोड मात्र आहे. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, बुडबुडे आकसतात, पोशाख पातळ पडतो. ऊब कमी होते आणि तरंगण्याची शक्तीही. पृष्ठभागावर तोच पोशाख माणसाला बुडू देत नाही, म्हणून कमरेला शिसे बांधावे लागते. सिलिंडर धरून अंगावर तीस किलोंच्या आसपास भार होतो आणि तो घेऊन वाळूतून, लाटांतून चालायचे असते.

किनाऱ्यावरून बुडी मारताना कप्तान नसतो. होडीवर ‘आज नाही’ म्हणणारा कोणी तरी असतो; येथे तो निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा. मोठ्या लाटा एकामागोमाग गटाने येतात आणि मधल्या शांततेत समुद्र फसवा दिसतो. म्हणून पोशाख चढवण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे नुसते पाहत उभे राहण्याची शिकवण दिली जाते. सॅन कार्लोसला १९३० च्या दशकातील दगडी बांध आडोसा देतो. या बांधावर सी लायनांचा अखंड कलकलाट चालू असतो आणि थोड्या अंतरावर पांढऱ्या, फुलकोबीसारख्या दिसणाऱ्या समुद्रफुलांचे ताटवेच्या ताटवे आहेत.

याउलट कार्मेलजवळचा मोनॅस्टरी बीच. समोर कार्मेलाइट जोगिणींचा मठ, निळे पाणी आणि किनाऱ्यालगतच सुरू होणारी सागरी दरी, असे हे देखणे ठिकाण. परंतु येथील उतार तीव्र, वाळू जाड आणि पायाखालून निसटणारी. लाट थेट किनाऱ्यावर फुटते आणि माघारी जाताना माणसाला ओढून नेते. येथे इतके बळी गेले आहेत की पाणबुड्यांनी त्याचे नावच ‘मॉर्च्युअरी बीच’ पाडले. येथून बाहेर पडण्याची रीत ऐटदार नाही, पण खात्रीची आहे. मास्क डोळ्यांवर, रेग्युलेटर तोंडात ठेवून, उभे राहण्याचा मोह टाळून, चार पायांवर रांगत कोरड्या वाळूपर्यंत यायचे.

एवढा खटाटोप ज्यासाठी, ते येथील केल्पचे वन. ही समुद्रशैवाले तळाच्या खडकापासून पृष्ठभागापर्यंत तीस मीटरही वाढतात. पानांच्या देठाशी असलेल्या वायूच्या फुग्यांनी ती ताठ उभी राहतात. आत शिरले की वरून गाळून येणारा सोनेरी प्रकाश एखाद्या जुन्या राईची आठवण करून देतो. केल्पमध्ये अडकल्यास गरगर फिरू नये. देठ ओढल्याने तुटत नाही, वाकवून मोडल्यास चटकन तुटतो.

हे वनही निश्चिंत नाही. २०१३ पासून एका रोगाने तारामासे गळून पडले, त्यांतील सूर्यफुली तारामासा येथून जवळपास नाहीसा झाला. पाठोपाठ २०१४ ते २०१६ ही उष्ण पाण्याची वर्षे आली. भक्षक उरला नाही, जांभळे सी अर्चिन बेसुमार वाढले आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेकडील केल्पची ९० टक्क्यांहून अधिक वने गेली. मॉण्टेरेत पाणमांजरांनी काही वने तगवली. केसाळ कातड्यापायी संपल्यात जमा झालेला हा प्राणी १९३८ मध्ये बिग सर किनाऱ्यावर पुन्हा आढळला, तेव्हा त्यांची संख्या सुमारे ५० होती. तो केल्पमधले पुष्ट अर्चिन खातो. उजाड खडकावरचे उपाशी, पोकळ अर्चिन मात्र त्याला नको असतात. अखंड वन पाहायचे तर पॉइंट लोबोसला जावे. १९६० मध्ये येथील समुद्रतळ राखीव झाला. अशा प्रकारचे हे अमेरिकेतील पहिले क्षेत्र. येथे मोजक्याच जोड्यांना, आगाऊ नोंदणीने आणि प्रमाणपत्र पाहूनच प्रवेश मिळतो.

दोन दिवसांत सर्वांत नाजूक वेळ असते ती रविवार दुपारची. आदल्या दिवसाचा शीण अंगात असतो, पोशाख ओलाच असतो, बोटे बधिर होऊन बकले नीट लागत नाहीत आणि दुपारचा वारा लाटा वाढवतो. दोन बुड्यांमधल्या तासाभरात वाऱ्यात ओल्याने उभे राहिल्यास अंगातली ऊब झपाट्याने जाते. म्हणून जुनेजाणते थर्मासमध्ये गरम पाणी आणतात. ते पिण्यासाठी नव्हे, हातमोज्यांत ओतण्यासाठी. दुसऱ्या बुडीला हुडहुडी भरत असेल तर ती रद्द करणे हाच रिवाज आहे.

विमानाने परतणाऱ्यांसाठी आणखी एक हिशेब असतो. अनेक बुड्या घेतल्या असल्यास शेवटच्या बुडीनंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा, असे सांगितले जाते. रक्तात विरघळलेला नायट्रोजन तोवर पूर्ण निघून गेलेला नसतो. रविवारी रात्री सॅन फ्रान्सिस्कोहून विमान पकडणाऱ्याची शेवटची बुडी त्यामुळे शनिवारीच होते.