पेवातला दिवा आणि पुडीतले लोखंड

१/
एखाद्या गोष्टीचा अचानक सुळसुळाट झाला की मराठी माणूस म्हणतो, ‘तिचे पेव फुटले.’ शिकवणी वर्गांचे पेव फुटते, पतसंस्थांचे फुटते, अफवांचेही फुटते. मात्र हा वाक्प्रचार वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी प्रत्यक्ष पेव पाहिलेले असते. पेव म्हणजे धान्य साठवण्यासाठी जमिनीत खोदलेले आणि तोंड हवाबंद केलेले भुयारवजा कोठार. आज खाद्यपदार्थांच्या काही पाकिटांत लोहभुकटीची एक चिमुकली पुडी असते. ती पुडी या पेवाची वारस आहे. हा वारसा कसा चालत आला, त्याची ही हकीकत.

२/
दख्खनच्या पठारावर पेव खोदण्यासाठी उंचावरची, कोरडी आणि घट्ट मातीची जागा निवडत. तोंड माणूस जेमतेम उतरेल इतके अरुंद आणि पोट प्रशस्त, असा त्याचा घाट असे. भिंती लिंपून सुकवत. तळाला आणि कडेने कडबा किंवा पाचट लावत. मग ज्वारी ओतून तोंडावर दगडी फरशी बसवत, तिच्या सांधी मातीने बुजवत आणि वर मातीचा ढीग रचत. भिंतीलगतचा थर ओल लागून काळा पडे, पण आतले धान्य वर्षानुवर्षे खाण्याजोगे राही.

३/
ही युक्ती एकट्या दख्खनची नव्हती. इसवी सनापूर्वी ३७ च्या सुमारास रोमन विद्वान वारो याने शेतीवर एक ग्रंथ लिहिला. त्यात थ्रेस आणि कॅपाडोशिया या प्रांतांतील धान्याच्या भुयारांचे, तसेच स्पेनमधील विहिरीसारख्या खड्ड्यांचे वर्णन येते. तळाशी पेंढा अंथरावा आणि ओल व हवा धान्याला लागू देऊ नये, असे तो बजावतो. जिथे हवा पोहोचत नाही तिथे सोंडा किडा होत नाही, हे त्याचे निरीक्षण आहे. अशा साठ्यात गहू ५० वर्षे टिकतो आणि बाजरीच्या जातीचे बारीक धान्य १०० वर्षांहूनही अधिक, असा त्याचा दावा होता.

४/
त्याच ग्रंथात वारो आणखी एक इशारा देतो. भुयार उघडल्यावर लगेच आत उतरू नये, काही वेळ जाऊ द्यावा, कारण घाई करणाऱ्यांपैकी काहींचा श्वास कोंडला आहे. दख्खनमध्येही हे भय ठाऊक होते. पेव उघडले की ते तसेच वारा खात ठेवायचे, मग दोरीला बांधून पेटता दिवा आत सोडायचा. दिवा तेवत राहिला तर माणूस उतरे, विझला तर थांबे.

५/
धान्य वाचवणारी हवा माणसाला का मारते, हे कोडे अठराव्या शतकापर्यंत सुटले नव्हते. १७७४ मध्ये इंग्लंडच्या जोसेफ प्रीस्टली यांनी हवेतील एक विशेष वायू वेगळा करून दाखवला. फ्रान्सच्या आंत्वान लावाझिए यांनी त्याला ऑक्सिजन हे नाव दिले. मराठीत तो प्राणवायू झाला. लावाझिए यांचे खरे मोठेपण पुढच्या पायरीत आहे. ज्वलन, श्वसन आणि धातूचे गंजणे या तीन वेगळ्या भासणाऱ्या घटनांमागे हाच एक वायू आहे, हे त्यांनी दाखवून दिले.

६/
पेवाचे कोडे या एका सूत्राने सुटते. तोंड बंद झाल्यावर आत अडकलेली हवा धान्याचे दाणे, बुरशी आणि किडे मिळून वापरतात. प्राणवायू घटत जातो आणि कार्बन डायऑक्साइड वाढत जातो. शेवटी किडे त्यांनीच संपवलेल्या हवेत गुदमरतात. पेवात कोणतेही औषध नसते, तिथे कीडच स्वतःचा काळ ठरते. दिवा विझतो तोही त्याच कारणाने. माणूस बेशुद्ध पडण्याइतका प्राणवायू घटण्याच्या आधीच ज्योत मालवते, म्हणून तो दिवा पहारेकऱ्याचे काम करी.

७/
या साऱ्यामागे केवळ कुतूहल नव्हते. एक पाऊस चुकला की गावे ओस पडत, त्या काळात टिकलेले धान्य म्हणजे टिकलेली माणसे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाला सांगितले आहे की साठ्याचा अर्धा भाग प्रजेच्या आपत्काळासाठी राखावा, उरलेला वापरावा आणि जुन्याच्या जागी नवे धान्य भरत राहावे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे भुकेल्यांसाठी खुली केली, ही कथा महाराष्ट्राने शतकानुशतके जपली तीही याच कारणाने. साठा टिकवणे हे कौशल्य होते आणि वेळेवर उघडणे हा धर्म.

८/
युद्धांनीही हीच विद्या वापरली. भूमध्य समुद्रातील माल्टा बेटावर सेंट जॉनच्या सरदारांनी खडकात धान्याची कोठारे खोदली. वेढा पडला तर तटबंदीच्या आत अन्न असावे, हा हेतू. त्यांची गोल दगडी झाकणे फ्लोरियाना येथील चौकात आजही ओळीने दिसतात. दुसऱ्या महायुद्धात जहाजांची वाहतूक विस्कळीत झाली आणि अर्जेंटिनात निर्यातीचे धान्य पडून राहिले, तेव्हा त्या देशानेही जमिनीखालच्या हवाबंद कोठारांचा आश्रय घेतला.

९/
पेवाला एक मर्यादा मात्र होती. आतला प्राणवायू संपण्यासाठी किडे आणि दाणे यांचे श्वसन लागे, म्हणजे थोडे नुकसान आधी सोसावेच लागे. शिवाय भाजलेल्या, दळलेल्या किंवा तळलेल्या पदार्थांत श्वास घेणारे काहीच उरत नाही. तिथे प्राणवायू टिकून राहतो, तेलाशी संयोग पावतो आणि पदार्थाला खवट वास येतो. अशा पदार्थासाठी प्राणवायू खाणारे दुसरे कोणीतरी हवे होते.

१०/
ते काम लावाझिए यांच्या सूत्रातील तिसऱ्या घटनेने केले. दिवा झाला, किडा झाला, आता पाळी लोखंडाची. १९७७ मध्ये जपानच्या मित्सुबिशी गॅस केमिकल या कंपनीने ‘एजलेस’ नावाची पुडी बाजारात आणली. हवा आत जाऊ देणाऱ्या वेष्टनात बारीक लोहभुकटी, थोडे मीठ आणि किंचित ओलावा धरून ठेवणारा पदार्थ, एवढाच तिचा ऐवज. मीठ आणि ओलावा यांमुळे लोखंड झपाट्याने गंजते आणि गंजताना प्राणवायू ओढून घेते.

११/
हिशेब साधा आहे. हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. १ ग्रॅम लोखंड पूर्ण गंजले तर सुमारे ३०० घन सेंटिमीटर प्राणवायू बांधला जातो, म्हणजे जवळजवळ दीड लिटर हवेतला. योग्य मापाची पुडी चांगल्या बंद डब्यातील प्राणवायूचे प्रमाण ०.१ टक्क्याच्याही खाली नेते. उरतो तो मुख्यतः निरुपद्रवी नायट्रोजन. पेवाला जे साधण्यासाठी बराच काळ लागे, ते पुडी एक-दोन दिवसांत साधते.

१२/
जुने नियम मात्र बदललेले नाहीत. पेवाची माती घट्ट लागे, तसा इथे पत्र्याचा डबा किंवा ॲल्युमिनियमचा थर असलेली पिशवी लागते. साध्या पातळ प्लॅस्टिकमधून हवा झिरपते. पुडी उघड्यावर राहिली तर खोलीतला प्राणवायू खाऊन निकामी होते. ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी निराळी. तिचे काम हिला जमत नाही आणि हिचे तिला.

१३/
आणि वारोने हवेबरोबर ज्या ओलीचे नाव घेतले होते, ती आजही तितकीच वैरी आहे. धान्य किंवा डाळ खडखडीत वाळलेली नसेल, तर प्राणवायू काढून घेणे घातक ठरू शकते. बॉट्युलिझम हा प्राणघातक विषबाधेचा प्रकार घडवणारे जंतू प्राणवायू नसलेल्या ओलसर जागेतच फोफावतात. म्हणून ही पुडी फक्त कोरड्या पदार्थांसाठी वापरतात, आणि त्यांतील ओलाव्याची मर्यादा साधारणपणे १० टक्के धरली जाते.

१४/
ओलीचा धडा महाराष्ट्राने अगदी अलीकडे घेतला. सांगलीजवळ कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावर हरिपूर आहे. तिथल्या पेवांत हळद साठवली जाई. ती कीड न लागता वर्षानुवर्षे टिकत असे आणि सांगलीच्या हळदबाजाराचा तो मोठा आधार होता. २००५ च्या महापुरात कृष्णेचे पाणी या पेवांत शिरले आणि त्यांतली बरीचशी निकामी झाली. हवेला पिढ्यान्‌पिढ्या दाराबाहेर उभे करणारी ती मातीची कोठारे पाण्यापुढे टिकली नाहीत.

१५/
२०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. पेव मात्र आता शेतापेक्षा भाषेतच अधिक भेटते. ज्यांनी दोरीला दिवा बांधून तो अंधारात सोडला, त्यांना प्राणवायूचे नाव ठाऊक नव्हते. तो तिथे आहे की नाही हे ओळखण्याची रीत मात्र ठाऊक होती. पाकीट रिकामे झाल्यावर फेकून दिल्या जाणाऱ्या त्या पुडीत त्यांचेच ज्ञान गंजलेल्या लोखंडाच्या रूपाने पडलेले असते.