मानसिक आजाराची औषधे आणि प्रोलॅक्टिन: पाळी थांबली, स्तनातून दूध आले तर काय करावे?

स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजारासाठी दीर्घकाळ औषधे घेणाऱ्या स्त्रीची पाळी अनियमित होते किंवा थांबते. क्वचित बाळंतपण झालेले नसतानाही स्तनातून दूध येते. अविवाहित मुलीच्या बाबतीत असे झाले की घरचे घाबरतात आणि नको त्या शंका घेतात. बऱ्याचदा कारण औषधातच असते आणि त्यावर उपाय आहे.

असे का होते?
मेंदूतील पिट्यूटरी ग्रंथी प्रोलॅक्टिन हे हार्मोन तयार करते. डोपामिन त्यावर लगाम ठेवते. अँटिसायकोटिक औषधे डोपामिनचे काम अडवतात. त्यामुळे भास-संशय कमी होतात, पण काही औषधांमुळे हा लगामही सुटतो आणि प्रोलॅक्टिन वाढते. रिस्पेरिडोन, पॅलिपेरिडोन, अमिसुलप्राइड आणि हॅलोपेरिडॉलमुळे ही वाढ जास्त दिसते. क्वेटियापिन, क्लोझापिन आणि अरिपिप्राझोलमुळे ती फारशी होत नाही.

लक्षणे
- स्त्रिया: पाळीत बदल, स्तनातून स्राव, गर्भधारणेत अडचण.
- पुरुष: लैंगिक इच्छा कमी होणे, ताठरतेची तक्रार, छाती वाढणे. पुरुष संकोचाने हे सांगत नाहीत आणि गुपचूप गोळ्या सोडतात.
- दोघांनाही: वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाल्यास हाडे ठिसूळ होऊ शकतात.

काहींना प्रोलॅक्टिन वाढूनही त्रास होत नाही.

तपासणी
रक्तातील प्रोलॅक्टिन तपासतात. झोपेतून उठल्या-उठल्या रक्त देऊ नका. तणावानेही आकडा वाढतो. स्त्रियांमध्ये साधारण २५ आणि पुरुषांमध्ये २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपर्यंतची पातळी सामान्य मानतात. प्रयोगशाळेनुसार थोडा फरक पडतो. गर्भधारणा आणि थायरॉइडचीही खात्री करावी लागते. डोमपेरिडोन किंवा लेवोसल्पिराइड असलेल्या ॲसिडिटीच्या गोळ्यांनीही प्रोलॅक्टिन वाढते, म्हणून चालू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना दाखवा. पातळी खूप जास्त असेल, डोके सतत दुखत असेल किंवा नजर अधू झाली असेल, तर मेंदूचा एमआरआय करावा लागू शकतो.

उपचार
गोळ्या स्वतःहून बंद करू नका. आजार उलटू शकतो आणि पुन्हा सावरायला महिने लागतात. मानसोपचारतज्ज्ञ डोस कमी करतात, औषध बदलतात किंवा कमी मात्रेत अरिपिप्राझोल जोडतात. महिन्यातून एकदा घ्यायचे इंजेक्शन चालू असेल, तर फरक पडायला जास्त वेळ लागतो. मेडिकलमधून परस्पर कॅबरगोलिन घेऊ नका. ते डोपामिनसारखे काम करते आणि त्याने मानसिक लक्षणे वाढू शकतात.

हे लक्षात ठेवा
- पाळी येत नसली तरी गर्भ राहू शकतो. औषध बदलल्यावर ही शक्यता वाढते. मूल नको असल्यास गर्भनिरोधनाबद्दल विचारा. हवे असल्यास आधीच डॉक्टरांशी बोला.
- वजन, कंबरेचा घेर, साखर आणि कोलेस्टेरॉलही नियमित तपासा. काही औषधांनी मधुमेहाचा धोका वाढतो.
- स्तनातील स्रावात रक्त असेल, गाठ लागत असेल किंवा एकाच बाजूने स्राव येत असेल, तर औषधाचा परिणाम समजून थांबू नका. लगेच दाखवा.

नातेवाइकांनी पाळीच्या तारखा लिहून ठेवाव्यात. रुग्णाला बोलायला संकोच वाटत असेल, तर डॉक्टरांशी एकट्याने बोलण्याची संधी द्यावी. डॉक्टरांनी विचारले नाही, तरी तुम्ही जरूर सांगा.