फिट, गाठ आणि अळी

फिट आली की कांदा हुंगवायचा, हे अलिबागपासून मुंबईपर्यंत सगळ्यांना माहीत. मेंदूत काय आहे ते मात्र स्कॅनच सांगतो. हाउन्सफील्ड या इंजिनिअरच्या सीटी स्कॅनरने 1971 मध्ये लंडनला पहिल्यांदा रुग्णाच्या मेंदूचे काप दाखवले. आपल्याकडे त्यात छोटी गाठ दिसली, की टीबी समजून महिनोन्महिने गोळ्या चालत. वेल्लोरच्या डॉक्टरांनी अशा गाठी काढून तपासल्या. 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं, की बऱ्याच गाठी पट्टकृमीच्या अळीच्या आहेत. मुंबईचे डॉ. नोशिर वाडिया यांनी 1988 मध्येच अंगभर पसरलेल्या अशा गाठींवर प्राझिक्वांटेल देण्याचा अनुभव लिहिला होता. अळी मरताना मेंदूला सूज येते, म्हणून सोबत स्टेरॉइड लागतं. ‘आम्ही शाकाहारी’ म्हणून सुटका नाही: ही अळी मांसातून नव्हे, मैला मिसळलेल्या पाण्यातल्या, भाजीवरच्या अंड्यांतून मेंदूत पोचते.